एक मशीन जोडायला तीन दिवस का लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत नंदनवनच्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. त्यांचं खातं असलेल्या पतसंस्थेत 'सर्व्हरची क्षमता वाढवण्याचे काम सुरू असल्याने तीन दिवस व्यवहार संथ राहतील' अशी पाटी लागली होती. पासबुक भरून घ्यायला ते भर उन्हात दोनदा गेले आणि दोनदा तसेच परतले. "एक कॉम्प्युटर जोडायला तीन दिवस? ही मंडळी करतात तरी काय?" असं त्यांनी विचारलं आहे. खिडकीवरच्या मुलीला आपण चार शब्द सुनावले, हेही त्यांनीच लिहिलं आहे.

त्या संस्थेशी माझा काही संबंध नाही. पण गेली २२ वर्षं मी डेटाबेस, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नोंदींचा साठा, सांभाळण्याचं काम करते. आधी एका सहकारी संस्थेत होते, आता परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत आहे. मालवाहू ट्रकांच्या जीपीएसच्या नोंदी साठवणं हे आमचं काम. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे वर्धा रोड, अमरावती रोड, भंडारा रोड, कुठूनही गाडी निघाली की दर काही सेकंदांनी तिची एक नोंद आमच्याकडे येऊन पडते. डेटा रोज वाढतो, कमी कधीच होत नाही. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी आम्हाला क्लस्टरमध्ये, म्हणजे मिळून काम करणाऱ्या मशीनांच्या गटात, नवा नोड, म्हणजे एक नवं मशीन, जोडावंच लागतं. काकांचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर कोणीतरी नीट द्यायला हवं होतं, ते पाटीवर नव्हतं, म्हणून हे पत्र.

माझे बाबा पोस्टमन होते. इतवारीत त्यांचं बीट होतं. सराफा ओळ, मस्कासाथ, तीन नळ चौक, मधल्या सगळ्या बोळी त्यांना तोंडपाठ. मी शाळेत असताना त्यांच्या पोस्टात एक पोस्टमन वाढवून मिळाला. मला वाटलं, आता बाबा लवकर घरी येणार. उलट पुढचे पंधरा दिवस ते रोजच्यापेक्षा उशिरा यायला लागले. आई चिडली, तेव्हा बाबा म्हणाले, "नव्या पोराले पह्यले गल्ली दाखवा लागते, मंग थैली द्या लागते." ते वाक्य मी पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला सांगितलं आहे, कारण क्लस्टरमध्ये नवा नोड घेताना घडतं ते अगदी हेच.

मोठा डेटाबेस एका मशीनवर मावत नाही, म्हणून तो चार-पाच मशीनवर वाटून ठेवतात. आता वाटणी करायची कशी? सगळ्यात सरळ रीत म्हणजे प्रत्येक नोंदीला एक आकडा द्यायचा, त्याला मशीनच्या संख्येनं भागायचं आणि बाकी उरेल त्या क्रमांकाच्या मशीनवर ती नोंद ठेवायची. चार मशीन आहेत तोवर हे छान चालतं. पाचवं आलं की भाजक बदलतो. मग शंभरातल्या ८० नोंदींची बाकी बदलते आणि त्यांची जागाही बदलते. कोणाला शंका असेल त्यांनी ० ते १९ हे आकडे आधी चारनं आणि मग पाचनं भागून पाहावेत. दोन्ही वेळा तीच बाकी फक्त चार आकड्यांना येते. म्हणजे एका पोस्टमनसाठी सगळ्या इतवारीच्या घरांना नवे नंबर लावण्यासारखं झालं.

यातून वाट काढली ती अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ मध्ये. कन्सिस्टंट हॅशिंग म्हणतात त्या पद्धतीला. सगळे आकडे एका वर्तुळावर मांडायचे आणि प्रत्येक मशीनला त्या वर्तुळाचे तुकडे नेमून द्यायचे. नवं मशीन आलं की ते आपल्या शेजाऱ्यांच्या तुकड्यांतला थोडा थोडा भाग घेतं, बाकी कोणाला हात लागत नाही. चाराचे पाच झाले तर साधारण पाचवा हिस्सा हलतो. बिटांची फेरवाटणीही पोस्टात अशीच होते, दोन गल्ल्या याच्याकडून, तीन त्याच्याकडून. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये डायनॅमो या त्यांच्या डेटा साठवण्याच्या यंत्रणेवर लेख प्रसिद्ध केला तो याच पायावर. त्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण यांनी पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्यासोबत कॅसँड्रा हा डेटाबेस घडवला आणि २००८ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. आमच्या ट्रकांच्या नोंदी त्याच कॅसँड्रात आहेत. आपल्याकडच्या नावांचा या कामात इतका मोठा वाटा आहे, हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते.

पण हा पाचवा हिस्सासुद्धा हलवावा लागतोच, आणि काकांच्या तीन दिवसांचा हिशेब इथे सुरू होतो.

आमचंच उदाहरण घेते. आम्ही प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर ठेवतो. चार मशीन होती आणि प्रत्येकावर सुमारे १,२०० गीगाबाइट, म्हणजे एकूण ४,८०० झाले. पाचवं मशीन आलं की त्याच्या वाट्याला सुमारे ९६० गीगाबाइट येणार. कॅसँड्रात प्रत्येक मशीननं बाहेर पाठवण्याचा वेग आधीपासून सेकंदाला २०० मेगाबिटवर रोखलेला असतो, म्हणजे २५ मेगाबाइट. चारही जुनी मशीन एकदम पाठवत असतील तर १०० मेगाबाइट. या वेगानं ९,६०० सेकंद, पावणेतीन तासांच्या आत. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात त्याच वेळी ट्रक धावत असतात, नोंदी येत असतात, ग्राहक नकाशा उघडून आपली गाडी कुठे पोचली ते बघत असतो. सगळी ताकद डेटा हलवण्यात गेली तर त्यांचं काम अडतं. म्हणून कामाच्या वेळेत आम्ही ती मर्यादा २०० वरून ५० वर आणतो. मग तेच काम १० तास ४० मिनिटं घेतं. नळाला पाणी आलेलं असताना टाकी साफ करायची असेल तर कशी सावकाश करावी लागते, तसंच.

या सगळ्या वेळात नवं मशीन 'यूजे' या अवस्थेत दिसतं, म्हणजे चालू आहे पण अजून सामील होतंय. तोपर्यंत कोणी काही विचारलं तर उत्तर जुनी मशीनच देतात. पण त्याच्या हिश्शात येणारी नवी नोंद मात्र जुन्याकडेही लिहिली जाते आणि नव्याकडेही. बाबांसोबत तो नवा मुलगा पंधरा दिवस चालत होता ना, तसं. पत्र बाबाच देत होते, तो घर पाहून ठेवत होता. सगळा हिस्सा पोचला की 'यूजे'चं 'यूएन' होतं. आता हा नॉर्मल, आता याला थैली द्यायला हरकत नाही.

आणि त्या आधी थैली दिली तर काय होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी पाचवा नोड जोडायला आम्ही शनिवारची रात्र निवडली होती. कॅसँड्राच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सीड' मशीनची एक यादी असते. नव्या मशीननं क्लस्टरची ओळख कोणाकडून करून घ्यायची, त्यांचे पत्ते त्यात असतात. नियम असा, की जो नोड नव्यानं येतोय त्यानं स्वतःचा पत्ता त्या यादीत कधीही ठेवायचा नाही. कारण जो स्वतःला सीड समजतो तो कोणाकडून डेटा मागतच नाही, थेट कामाला लागतो. जुन्या मशीनची फाइल घेऊन त्यात नवा पत्ता मीच भरला होता. यादी पूर्ण असावी एवढाच विचार होता माझा. रात्री अकराला सेवा सुरू केली आणि एका मिनिटात माझा सहकारी ओरडला, "मॅडम, जुडला पण! यूएन दाखवून राहिला!" दहा तासांचं काम एका मिनिटात झालं, आणि आम्ही दोघंही इतके थकलेलो होतो की ते आम्हाला चांगलंच वाटलं. शेजारच्या रकान्यात मशीनवर किती डेटा आहे ते दिसतं. बाकी चौघांपुढे बाराशेच्या आसपास गीगाबाइट आणि नव्यापुढे काही किलोबाइट. तो रकाना आम्ही पाहिलाच नाही. दोन अक्षरं पाहिली आणि घरी गेलो.

रविवारी सकाळी सातला पहिला फोन आला. बुटीबोरीहून निघालेल्या एका गाडीचा आदल्या दिवशीचा प्रवास नकाशावरून गायब होता. पान पुन्हा उघडलं की दिसायचा, परत उघडलं की गायब. तासाभरात असे नऊ फोन झाले. एका गाडीमालकाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्याच्या ट्रकमध्ये औषधं होती, तो कुठे थांबला होता हे पुढच्या पार्टीला दाखवायचं होतं आणि पडद्यावर काहीच नव्हतं.

घडलं होतं ते असं. नव्या नोडनं आपला हिस्सा ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं होतं, पण त्याच्याकडे जुनं काहीच नव्हतं. आमचा प्रोग्रॅम तीनपैकी कोणत्याही एकाच प्रतीला विचारून उत्तर घ्यायचा, वेग मिळावा म्हणून. प्रश्न जुन्या मशीनकडे गेला तर बरोबर उत्तर, नव्याकडे गेला तर 'नोंद नाही'. खोटं बोलणारं मशीन परवडतं, त्याचा निदान संशय येतो. हे तर अगदी शांतपणे कोरं पान दाखवत होतं.

तो दिवस वाचला तो दोन गोष्टींमुळे. एक, आम्ही प्रोग्रॅम बदलून तीनपैकी किमान दोघांचं उत्तर घ्यायला लावलं. कोऱ्या मशीनसोबत दुसरं मशीन जुनंच असणार, त्यामुळे नोंद सापडायला लागली. दुसरं म्हणजे नव्याच्या नावावर गेलेला हिस्सा जुन्या मशीनवरून आम्ही अजून पुसला नव्हता. तो पुसण्याचा आदेश वेगळा द्यावा लागतो, क्लीनअप म्हणतात त्याला. शनिवारी रात्रीच उत्साहात तो दिला असता तर तीनपैकी एक जुनी प्रत कायमची गेली असती. पुढे नव्या मशीनवर रिपेअर, म्हणजे बाकी प्रतींशी ताडून उणीव भरून काढण्याचं काम, चालवून त्याचा डेटा भरत गेलो. ते सोमवारी रात्री संपलं. ग्राहकांना मी स्वतः फोन करून काय चुकलं ते सांगितलं. त्या औषधवाल्या मालकांनी नीट ऐकून घेतलं, अजूनही ते आमचेच ग्राहक आहेत.

काका, पटकन झालेलं काम मला तेव्हापासून जास्त घाबरवतं. तुमच्या संस्थेनं तीन दिवस सांगितले असतील तर ते माणसं काळजी घेत असल्याचं लक्षणही असू शकतं.

क्लीनअपबद्दल अजून थोडं सांगते, कारण इथे व्यवस्थापक लोक नेहमी फसतात. नवा नोड आला, दुसऱ्या दिवशी साहेब विचारतात, जुन्या मशीनची डिस्क अजून तेवढीच भरलेली कशी? कारण डेटा हलतो म्हणजे त्याची प्रत जाते, मूळ तिथेच राहतं. क्लीनअप एकेका मशीनवर पाळीपाळीनं चालवायचा, डिस्कवर ताण येतो म्हणून. चार मशीन म्हणजे आणखी एक-दोन रात्री. तीन दिवसांतला बराचसा वेळ इथे जातो आणि तो कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि काही वेळा तर चुकीचंच मशीन विकत घेतलं जातं. मी ज्या संस्थेत आधी होते तिथे डिस्क भरत आल्या म्हणून वरच्या लोकांनी तिसरा सर्व्हर मागवला. आमची यंत्रणा ऑरॅकल कंपनीच्या आरएसी (रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स) प्रकारची होती. २००१ पासून ही पद्धत आहे आणि उत्तम आहे, पण तिची रचना मुळात निराळी. तिथे सगळे नोड एकाच सामाईक साठवणीवर काम करतात. तिसरा नोड आला की हात वाढतात, कोठार वाढत नाही. एका स्वयंपाकघरात तिसरी बाई आली म्हणून धान्याचं कोठार मोठं होत नाही ना! आम्ही जोडणीच्या आधीच्या तपासण्या केल्या, मशीनांमधलं खासगी नेटवर्क टाकलं, नव्या नोडसाठी स्वतंत्र रीडो आणि अनडू, म्हणजे बदल पुन्हा करण्याच्या आणि मागे घेण्याच्या नोंदींची सोय, करून दिलं, दोन रात्री जागलो, सगळं बिनचूक झालं. सकाळी डिस्क होती तेवढीच भरलेली. हवी होती फक्त दोन-चार नवी डिस्क. ती सामाईक साठवणीत घातली असती तर एएसएमनं, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या ऑरॅकलच्याच सॉफ्टवेअरनं, डेटा आपोआप सगळीकडे सारखा पसरवला असता, सेवा बंद न ठेवता. खरेदीची फाइल आमच्याकडे एकदा जरी आली असती तर आम्ही हे दोन ओळींत लिहून दिलं असतं. त्या पैशांचं मला आजही वाईट वाटतं. ते सभासदांचे पैसे होते, त्यांत माझ्या आईचीही ठेव होती.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. एप्रिल-मेमध्ये नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. नवं मशीन म्हणजे त्या खोलीत आणखी एक शेगडी. एसी तेवढाच, यूपीएस तेवढाच, वर हा भार. एका ठिकाणी मी पाहिलं, एसी पुरेना म्हणून खिडकीला कूलर लावायचं चाललं होतं. घरात वाळ्याची ताटी असलेल्या कूलरसारखं सुख नाही, पण तो हवेत ओल आणतो आणि मशीनच्या खोलीत ओल चालत नाही. मी हात जोडून तो थांबवला. आणि तळघरात तर मशीन ठेवूच नका. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, किती दुकानांचे आणि घरांचे खालचे मजले बुडाले. तीन प्रती ठेवल्या आणि तिन्ही एकाच तळघरात ठेवल्या, तर त्या तीन कशा म्हणायच्या?

माझी विनंती तीन ठिकाणी आहे.

पतसंस्था, रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, जिथे जिथे आता लोकांच्या नोंदी मशीनवर आहेत, त्यांच्या संचालकांना सांगणं आहे की डिस्क ९० टक्के भरल्यावर धावपळ करू नका. जोडणीलाही जागा लागते. कॅसँड्रा जुन्या फाइली एकत्र करून नव्या लिहितो, तेव्हा काही काळ जुनं आणि नवं दोन्ही डिस्कवर असतं. काही पद्धतींत त्यासाठी निम्मी डिस्क रिकामी असावी लागते. भरलेल्या घरात सामान हलवायला फरशीसुद्धा शिल्लक राहत नाही. निम्मी डिस्क भरली की खरेदीची फाइल हलवा, आणि ती फाइल काम करणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. तो पद आणि पगारानं लहान असेल, पण रात्री तोच जागणार आहे.

दुसरी विनंती त्या पाटीबद्दल. 'सर्व्हरची क्षमता वाढवण्याचे काम' यातून कोणाला काय कळणार? 'आपल्या नोंदींच्या प्रती नव्या मशीनवर नेत आहोत. नोंदी सुरक्षित आहेत. सकाळी दहा ते दोन काम जरा हळू होईल, पासबुकासाठी गुरुवारनंतर या' एवढं मराठीत लिहिलं असतं तर काकांच्या उन्हातल्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या आणि त्या मुलीला बोलणंही खावं लागलं नसतं. तिला आत काय चाललंय हे बहुधा कोणी सांगितलंही नसेल.

तिसरी विनंती नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना. दरवर्षी आमच्याकडे मुलाखतीला चुणचुणीत मुलं येतात. कन्सिस्टंट हॅशिंगची व्याख्या त्यांना पाठ असते. पण चालू क्लस्टरमध्ये एक नोड जोडून, मग मुद्दाम एक बंद पाडून, डेटा शाबूत आहे का हे त्यांनी कधी हातानं पाहिलेलं नसतं. मशीनांची घड्याळं दोन सेकंदांनी इकडेतिकडे असली तर काय बिघडतं, हे विचारलं की गप्प होतात. कॅसँड्रात एकाच नोंदीचे दोन बदल आले तर ज्याची वेळ नंतरची तो टिकतो. घड्याळ पुढे असलेल्या मशीनकडून आलेला जुना बदल नव्या खऱ्या बदलावर मात करतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. हे फळ्यावर कळत नाही. याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. भंगारात निघालेले चार कॉम्प्युटर, एक स्विच आणि दोन दुपारी पुरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे.

शहरातलं कोणतंही महाविद्यालय एवढी सोय करणार असेल तर मी शनिवारी दुपारी यायला तयार आहे. मानधन नको. माझी ती सीडची यादी मी सोबत आणीन, चुकीची आणि बरोबर दोन्ही, म्हणजे मुलांना आधी चुकीची घालून बघता येईल. आपल्या कार्यालयात माझा पत्ता दिलेला आहे. नाव मात्र छापू नये, ही विनंती. आणि नंदनवनच्या काकांनी पुढच्या वेळी पासबुक भरायला जातील तेव्हा त्या खिडकीवरच्या मुलीला हे पत्र जरूर द्यावं.

आपली नम्र,
एक डेटाबेस प्रशासक
त्रिमूर्तीनगर, नागपूर